ह्यांना सोड

१८ सप्टेंबर १९९४, विजयनगर, म्हैसूर

पोचलो एकदाचे! मिरजेहून निघताना वाटलं होतं, आता मराठी बंद, खाणाखुणा सुरू. पण घरमालक निघाले महादेवराव, जुन्या म्हैसूर संस्थानच्या फौजेतल्या मराठ्यांचे वंशज. त्यांची मराठी ऐकून हसूच आवरेना. 'सुम्ने बसा हो संताजीराव, कॉफी आयतु,' म्हणे. म्हणजे गुमान बसा, कॉफी झाली! त्यांच्या भवानीबाई दुपारभर पायरीवर संडगे राखत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. वनजाचं माहेर धारवाड, त्यामुळे दोघींचं कानडीत मस्त गूळपीठ जमलंय. तिला पाचवा महिना आहे, अशी सोबत मिळाली म्हणजे माझी काळजीच मिटली.

उद्यापासून येलवालच्या पलीकडच्या कारखान्यात रुजू. वनजाने आज परत विचारलं, तिथे बॉम्ब तर तयार होत नाहीत ना. मी तिच्या पोटावर हात ठेवून शपथ घेतली. वीज गं बाई, अणुभट्टीचं इंधन, नुसती वीज! मग कुठे नीट जेवली.

४ ऑक्टोबर

लांबलचक शेडमध्ये उंच नळकांडी गरगर फिरत असतात आणि युरेनियमच्या वायूतला हलका भाग निराळा काढतात. आवाज बारीक, भुंग्यासारखा. माझे वरिष्ठ हयग्रीव फार सज्जन, डबा वाटल्याशिवाय खात नाहीत. त्यांना सहज विचारलं, किती वेळ फिरवायचं. ते म्हणाले, थोडं फिरवलं की भट्टीचं इंधन, तेच पुन्हा पुन्हा फिरवत राहिलं की बॉम्बचं. यंत्र तेच. कुठे थांबायचं ते वरचे ठरवतात, आपल्याला सांगत नाहीत.

डबा तसाच बंद केला. वनजाला बोललो नाही, अशा दिवसांत कशाला तिच्या जिवाला घोर.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी

इकडे आयुधपूजेचा काय तो थाट! बसना केळीचे खांब, रस्त्यारस्त्यात कुंकू भरून फोडलेले कोहळे. तपासणीत नापास झालेली, त्या नळकांड्यांची एक धातूची कडी मी कारखान्यातून आणली होती, कागद दाबायला. महादेवराव म्हणाले, द्या, तीही पूजेला ठेवू.

त्यांच्या घरची रीत न्यारीच. तांबड्या कापडावर तलवारी. पूजा झाली की महादेवराव एकेका पात्याशी वाकून घरच्यांची, शेजाऱ्यांची नावं घेतात आणि म्हणतात, ह्यांना सोड. शस्त्राला आपली माणसं ओळखता येत नाहीत, दरसाल सांगावी लागतात. अवजारं अंगणात, शिलाई मशीन, स्कूटर वगैरे. त्यांना काही सांगायचं नसतं. कडी हातात धरून महादेवरावांनी विचारलं, शस्त्र की अवजार? वनजा माझ्याकडेच बघत होती. मी हसून म्हटलं, अवजार हो, विजेचं! कडी शिलाई मशीनशेजारी गेली. होळग्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, झकास झाल्या होत्या.

१५ ऑक्टोबर

भलतंच काहीतरी. भर दुपारी भवानीबाई पायरीवरून उठून आत गेल्या आणि त्यांची सावली तिथेच बसून राहिली. अंबाडा, गुडघे, ताटावर वाकलेला हात, सगळं काळं उमटलेलं, बॉम्बने जळालेल्या शहरांच्या फोटोंत असतं तसं. वनजाने ओल्या फडक्याने पुसलं, महादेवरावांनी चुना फासला. पुन्हा वर आली. आणि माझ्या टेबलावर कडी भुणभुणतेय, थेट शेडमधल्यासारखी. भवानीबाई हसण्यावारी नेतात. मी त्या पायरीवर पाय ठेवत नाही.

१७ ऑक्टोबर

महादेवरावांना कडी ऐकवली. चेहरा उतरला त्यांचा. म्हणाले, अय्यो, हे शस्त्र होतं, आणि आपण त्याला नावंच सांगितली नाहीत. मग ते कुणाला सोडेल? कडीला तोंड लावून त्यांनी भवानीबाईंचं नाव घेतलं. पायरी लख्ख झाली. मला ते एका शब्दाने टाकून बोलले नाहीत. लाजेने मान वर होईना माझी.

१९ ऑक्टोबर

देवराज मोहल्ल्यात गेलो होतो. शिंप्याच्या भिंतीवर, सराफाच्या पायरीवर, बसथांब्यावर — सावल्या. माणसं उठून आपापल्या कामाला गेलेली, त्यांना पत्ताच नाही. दुकानांच्या पाट्यांवरची नावं पाठ करत आलो, कडीला सांगितली. पण फुलवालीचं नाव काय? हमालांची काय?

हयग्रीवांना म्हटलं, कडी परत घ्या, नोकरी सोडतो. त्यांनी डब्यातला अर्धा वाटा माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, तू एक कडी नेलीस, आत हजारो फिरतायत, त्यांना कुणी नावं सांगितलीत? अशा शेड दुसऱ्या देशांतही आहेत. तिकडे तुझं नाव कोण सांगणार?

२१ ऑक्टोबर

शाळेच्या फाटकापाशी — बुटक्या बुटक्या सावल्या, पाठीवर दप्तरं. मुलांना नावं विचारली तर शिपायाने हाकलून दिलं. वेडा म्हणाला. घसा बसलाय. आवाज वाढतोय — महादेवरावांनाही आता त्यांच्या घरात ऐकू येतो —

२३ ऑक्टोबर

वनजाला सगळं सांगितलं. शपथेचंही. ती उठून मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली. परत आत आली. भिंतीवर मात्र — तशीच, हात वर केलेली —

धावत कडी आणली. वनजा, वनजा, हिला सोड, सोड रे देवा. सावली गेली.

सगळी नाही. मधोमध, पोटापाशी, ओंजळीएवढी, राहिली —

२४ ऑक्टोबर

त्याला नाव नाही. बारशाआधी ठेवत नाहीत. तरी घेतली नावं — सयाजी म्हटलं, वेदवती म्हटलं — वनजाही माझ्याशेजारी बसून, रडत रडत — कडी ऐकत नाही. ते त्याचं नाव नव्हेच. त्याला अजून कुणी हाकच मारलेली नाही —

सकाळपासून हललं नाही म्हणते —

माझं आहे ते. ह्याला सोड — की हिला — ऐक, ह्याचं नाव —