मिरचीच्या पोत्यावरची अक्षरं

कोपरखैरणे,
१९ जानेवारी २०२५

ती. वन्संना,

शालनचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुम्ही धाडलेला घेवडा पोचला. फोनवर बोललं की दोन खोल्यांत सगळं यांच्या कानावर जातं, म्हणून आजच गावाकडे निघालेल्या जोतीरामजवळ ही चिठ्ठी देतेय.

तुमच्या धाकट्या भावाचं डोकं फिरलंय. या, आणि चार शब्द सुनवा, असंच लिहायला बसले होते. जन्मभर वाशीच्या मसाला मार्केटात पोती वाहिली, आता घसा बसलाय म्हणून घरी आहेत, तर म्हणे कानडी वाचायला शिकायचं! कर्नाटकातली मिरची पाठीवरून वाहिली, पण पोत्यावर काय लिहिलंय ते कधी कळलं नाही, ते आता कळायलाच पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या नंदिनीताई धारवाडकडच्या, त्या शिकवतात. एक पोतं भिंतीला टांगलंय. माझ्या परातीतल्या पिठात बोटाने अक्षरं गिरवतात आणि मोठ्याने म्हणतात. मी भाकरी कधी थापायची?

घसा बसलाय असं तुम्हाला सांगितलं होतं. तसं नाही वन्सं. कॅन्सर आहे. ऑपरेशन केलं तर आवाज कायमचा जाणार, नाही केलं तर माणूसच जाणार. एक तारीख यांनी मोडली. "बाराखडी पुरी हूं दे. आवाज गेल्यावर कसं म्हणू?" डॉक्टर भडकले. उद्याची तारीख शेवटची, आणि कालपर्यंत हे नाहीच म्हणत होते.

मी ओरडले, "मरण दारात आलंय, आणि शिकताय कशापायी?"

तर म्हणाले, "मरायचं हाय ही आजच कळलं व्हय? शाळंत घातलं तवाबी ठावंच हुतं. कुणी दप्तर टाकून घरी बसलं का?"

माझा राग मात्र गेला नाही. उरलेला आवाज माझ्याशी बोलायला का नको, असं वाटतं. तुमच्यापासून काय लपवू?

आज सकाळी हे पोत्यासमोर बसले होते. "मे… ण… सि… न…" एवढं झालं आणि घसा बंद. बोट पुढच्या अक्षरावर, तोंड उघडं, आवाज नाही. मला बघवेना. परातीतून हात न काढता मी म्हटलं, "का. यी. मेणसिनकायी."

हे वळले. घसा जरा सुटल्यावर म्हणाले, "तुला कवा आलं?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? रोज पिठात पाणी घालून तीच अक्षरं पुसत होते ना मी!

अर्थ मी नंदिनीताईंना विचारून आले. मिरची. मिरचीच्या पोत्यावर मिरची लिहिलंय! हे इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, "दुसऱ्या वळीवर मी बोट ठेवीन. तू म्हणशील?"

"म्हणेन."

"मग पिशवी भर. जाऊ उद्या."

वन्सं, तुम्ही याच, पण त्यांना रागावू नका. माझ्याजवळ बसा. मला फार भीती वाटतेय.

कपड्यांबरोबर पोतंही पिशवीत भरून बसलेली,
तुमची शालन