ज्ञानेशच्या खांद्याचे कलम

मी, पंढरी नथू बऱ्हाटे, वय वर्षे सत्तर, निवृत्त फिटर, राहणार सरावली, बोईसर, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि पोटभर न्याहारी करून लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी इंदुबाई शेजारच्या खोलीत आहे, परंतु दार लोटलेले आहे.

मसुदा अ‍ॅड. भाग्यश्री पागधरे, राहणार नवापूर, यांनी केला आहे. शाळेत असताना त्या माझ्या बेसबॉल संघात तिसऱ्या बेसवर खेळत. त्यांनी तिथून फेकलेला चेंडू झेलायला पहिल्या बेसवर कोणी खुशीने उभे राहत नसे. त्या म्हणाल्या, "सर, मृत्युपत्रात गोष्टी लिहीत नाहीत. कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहायचं." मी म्हणालो, "कोणाला काय हे लिहिलं आणि का हे नाही लिहिलं, की मागचे भांडतात." त्यांनी हात जोडले. तेव्हा कायदा त्यांचा, कारणे माझी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

कलम १. सरावली येथील दोन खोल्यांचे माझ्या नावचे घर व बँकेतील शिल्लक पत्नी इंदुबाई हिला मिळावी. तिच्यानंतर ते मुलगा ज्ञानेश याचे. इंदूने सव्वीस वर्षे संघाचे उसवलेले चेंडू शिवले. बेसबॉलच्या चेंडूला एकशे आठ टाके असतात, ते तिने गोधडीच्या सुईने घातले. एकदा सामना बघायला आली आणि पहिल्याच फटक्याला उभी राहून ओरडली, "अरे, हाताने शिवलेला चेंडू आहे तो! जरा हळू मारा की!" त्यानंतर मी तिला सामन्याला नेले नाही. याबद्दल तिने माझ्यावर राग धरला आहे तो योग्य आहे.

कलम २. हत्यारांची पेटी, व्हाइस आणि ड्रिल मशीन शेजारी मेहुल राऊत यांच्या दुकानात राहावे आणि वस्तीत ज्याला लागेल त्याला वापरायला मिळावे. माझे सगळे या पेटीपासून सुरू झाले. १९९८ साली शाळेचे खेळाचे शिक्षक धीरज सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "रबराचा पाच कोनी पाट कापून द्याल का?" मी कापून दिला आणि विचारले, यावर बसायचे कसे? ते हसले. म्हणाले, "बसायचं नाही, यावर पळत पोचायचं. या उद्या बघायला." मी गेलो. तोवर मी गावी, म्हणजे जळगावकडे यावल तालुक्यात, खेळलेल्या कबड्डीपलीकडे काही खेळलो नव्हतो. पुढच्या महिन्यात धीरज सरांची जव्हारला बदली झाली. जाताना म्हणाले, "नवीन शिक्षक येईपर्यंत पंधरा दिवस मुलांकडे बघा." ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत.

कलम ३. प्रदीप नावाचे गृहस्थ, खेळाडू मिथुन याचे वडील, यांना माझी लोखंडी घडीची खुर्ची द्यावी. अट अशी की खुर्ची मैदानाच्या टोकाला चिंचेखालीच मांडावी. हे गृहस्थ सात वर्षे होमप्लेटच्या, म्हणजे त्या पाच कोनी पाटाच्या, मागे जाळीला तोंड लावून ओरडत होते. "मार! मार! अरे, मार ना!" पोरगा चेंडूकडे बघण्याऐवजी बापाकडे बघे आणि बाद होई. एकदा मी त्यांच्या हातात बॅट दिली आणि म्हणालो, "या, दाखवा." त्यांनी तीन चेंडू हुकवले. पोरे हसली, सगळ्यांत जास्त मिथुन हसला. त्या दिवसापासून मिथुन चेंडूकडे बघायला लागला. प्रदीप मात्र माझ्याशी बोलत नाहीत. खुर्ची चांगली आहे, पाठ दुखत नाही.

कलम ४. कॅचरचा (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) पूर्ण संच, म्हणजे मुखवटा, छातीचे कवच, पायांची कवचे व मोठा ग्लोव्ह, तसेच सर्व बॅटी, बेस आणि शिट्टी ठकी चिंधू वरठा हिला मिळावी. संघही तिलाच मिळावा. तो माझ्या मालकीचा नाही हे भाग्यश्रीने सांगितले आहे, तरी मी लिहीत आहे. ठकी डोंगरपट्ट्यातली, आमची कॅचर. तिचे वडील चिंधू ऐन स्पर्धेच्या आठवड्यात तिला न्यायला आले. "सर, आवनी हाय. पोर नाय पाठवली तं भात कोन लावील?" मी विचारले, किती माणसे लागतील? रविवारी चौदा पोरे आणि मी त्यांच्या खाचरात उतरलो. दुपारी बांधावर उभे राहून चिंधू बराच वेळ आमची लावणी बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी खेलाच. पोरीला न्या. पन परत माज्या शेतान येव नका." ठकी आज शाळेत खेळ शिकवते. ओरडत नाही. हे ती माझ्याकडून शिकलेली नाही.

कलम ५. माझा मुलगा ज्ञानेश यास २००४ सालची तालुका विजेतेपदाची ढाल मिळावी. तिचे कारण सविस्तर लिहितो.

ज्ञानेश तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि आमचा पिचर होता, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. पालघरला सकाळी उपांत्य सामना झाला, तो पूर्ण त्यानेच टाकला. दुपारी अंतिम सामना. शेवटच्या डावात तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, खांदा ओढतोय." दुसऱ्या कोणाचा मुलगा असता तर मी त्याला बसवले असते. माझाच होता म्हणून म्हणालो, "दोनच बाद करायचेत. टाक." त्याने टाकले. आम्ही जिंकलो. मला पोरांनी उचलून घेतले. रात्री त्याला शर्ट काढता येईना, इंदूने कात्रीने बाही कापली. डॉक्टरांनी चेंडू कायमचा बंद सांगितला. तो मला एक शब्दही बोलला नाही. फक्त मैदानावर यायचा थांबला, ते वीस वर्षे.

२०२४ च्या दिवाळीत त्याची दहा वर्षांची मुलगी उत्कर्षा आमच्याकडे होती. हट्टाने चेंडू टाकायला शिकत होती आणि मी शिकवत होतो. ज्ञानेश तिला न्यायला आला आणि कुंपणाबाहेर उभा राहिला. मग अचानक आत आला आणि तिच्या हातातून चेंडू काढून घेतला.

"बाबा, बस. एकतीस चेंडू झाले."

"पप्पा, एकच!" उत्कर्षा म्हणाली.

"नाही."

मला राग आला. माझ्या मैदानात मला कोण सांगणार? तोंड उघडले, तेवढ्यात त्याचा हात तिच्या खांद्यावर दिसला. झाकल्यासारखा ठेवला होता. मी बेस गोळा करायला गेलो. तेव्हापासून तो दर रविवारी येतो आणि प्रत्येक पोराचे चेंडू मोजतो. त्याने थांब म्हटले की मीही थांबतो. पण त्या जुन्या दिवसाबद्दल आम्ही बोललेलो नाही.

म्हणून या कलमाने मी लेखी मान्य करतो की चूक माझी होती, मुलाने वेळेवर सांगितले होते, आणि मी ऐकले नाही. याची मी माफी मागतो. ढालीचे त्याने काय वाटेल ते करावे.

पुरवणी. वरील मसुदा गेल्या रविवारी टेबलावर राहिला आणि ज्ञानेशने तो वाचला. कागद घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"हे मी तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"तशीच पद्धत असते."

"मग तेव्हा मी भांडू कोणाशी?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. तो म्हणाला, "आत्ता बोला. तोंडाने."

मी बोललो. कागदावर सोपे होते. तोंडाने चार वेळा अडलो. म्हणालो, "चुकलो रे. तू सांगितलं होतंस." त्यावर तो माफ केले वगैरे काही म्हणाला नाही. तो भांडला. एकवीस वर्षांत न बोललेले सगळे बोलला, दहावीच्या निकालापासून माझ्या शिट्टीपर्यंत. मधे इंदू दोनदा चहा ठेवून गेली. दीड तासाने तो थकला, मीही थकलो. मग त्याने भरीत आणि तीन भाकरी खाल्ल्या आणि विचारले, "अजून आहे का?"

सबब कलम ५ मधील माफी लाभार्थ्याने माझ्या हयातीतच घेतली असल्याने कलमाचा तेवढा भाग रद्द समजावा. ढाल त्याला नको आहे. ती आईला द्या म्हणाला, गव्हाच्या पिंपाला झाकण नाही. ढाल बरोबर बसली. ती तिथेच राहावी.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले आहे असे कोणी म्हणाल्यास तो खोटे बोलतो. वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला समजला, आणि दोन ठिकाणी मी स्वतःच हसलो. खालील दोघांसमक्ष सही करत आहे. अंमलबजावणीची कोणालाही घाई नाही.

स्थळ : सरावली, बोईसर
दिनांक : १८ जानेवारी २०२६

सही/-
पंढरी नथू बऱ्हाटे

साक्षीदार :
१. सही/- डॉ. दीपा सावे, पालघर (प्रकृती तपासली, माणूस ठणठणीत आहे)
२. सही/- कमलेश गोमा धोडी, बोईसर (संघातील जुना उजवा क्षेत्ररक्षक, मजकूर वाचला नाही, फक्त सही पाहिली, कारण सर वाचू देत नाहीत)