धाकटीच्या मोडलेल्या लग्नाचा तपास

३ मार्च, रविवार, संध्याकाळी ६
टीव्हीवर ती जुनी ब्लॅक अँड व्हाइट गुन्हेगारी मालिका पुन्हा लागली आहे. आजच्या भागात एकोणीस वर्षं पडून राहिलेली खुनाची केस. इन्स्पेक्टर फाईलवरची धूळ फुंकतो, साक्षीदारांना पुन्हा गाठतो आणि खुनी पकडतो. मी दहाव्या मिनिटालाच ओळखलं होतं, खुनी बागेतला माळी. खुनी डॉक्टर निघाला. पटकथा कच्ची.

बायकोला म्हटलं, तेवीस वर्षं ऑफिसची रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्याला हा डाव्या हाताचा मळ आहे. ती म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघा.

४ मार्च
केस घरातच आहे! अठरा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलगा शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. तारीख ठरली होती. वडील नव्हते, म्हणून मी जातीने मुलाकडच्यांशी रीतसर पत्रव्यवहार ठेवला होता. तरी अचानक नकार आला. धाकटीने पुढे लग्नच केलं नाही. आता हॉस्पिटलात हेड नर्स आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते. याचं मला फार वाईट वाटतं.

कोणीतरी बिब्बा घातला. त्याला शोधून तिच्यासमोर उभा करायचा. मग ती पूर्वीसारखी दादा, दादा करत येईल. मुदत पंधरा दिवस.

६ मार्च
संशयित दोन. मावशी, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि मेहुणा, कारण तो मेहुणा आहे. दोघांना टाइप करून मेमो पाठवले: खुलासा तीन दिवसांत सादर करावा. मेहुण्याने मेमोच्या मागे इस्त्रीच्या कपड्यांची यादी लिहिली. पुराव्याशी छेडछाड. नोंद केली.

९ मार्च
मावशीची दोन तास उलटतपासणी. मावशी चक्क गप्प! शेवटी म्हणाली, बाळा, झालं गेलं, हा नाद सोड. मी नोंद केली: इथेच पाणी मुरतंय.

नळ उद्या.

११ मार्च
धाकटीचा जबाब घ्यायला गेलो. तिने दारातच पाच मिनिटं दिली. आत खिडकीपाशी चित्रकाराचा स्टँड, ओले ब्रश, खाली पुरुषी चपला. म्हणाली, चित्रं काढणं चालू आहे. या वयात छंद! चपला बहुधा प्लंबरच्या. माझ्यासारख्याच्या नजरेतून काही सुटत नाही. आमच्या नळासाठी त्याचा नंबर मागायला हवा होता.

१५ मार्च, शुक्रवार
बायको नवी साडी नेसून सकाळीच मावशीबरोबर कुठेतरी गेली. बरं झालं. शांतपणे अहवाल लिहिला. दोषी: मावशी. पाच प्रती काढल्या.

१७ मार्च, रविवार
धाकटीला अहवाल दिला. तिने न वाचता बाजूला ठेवला आणि कपाटातून एक जुनं पत्र काढलं. त्या मुलाला पाठवलेलं. सतरा मुद्दे. फिटनेस सर्टिफिकेट, हेडमास्तरांचा वर्तणुकीचा दाखला, सर्व तीन प्रतींत. त्यानंतर स्मरणपत्रं चार. शेवटी: मुदतीत पूर्तता न केल्यास प्रस्ताव रद्द समजण्यात येईल.

सही माझी. मसुदा, खरं सांगायचं तर, निर्दोष आहे.

त्याला वाटलं, या घरात आपण कायम आरोपीच राहणार. म्हणून त्याने नकार दिला, असं ती म्हणाली. मग म्हणाली, परवा आम्ही रजिस्टर लग्न केलं. त्याच्याशीच. साक्षीदार मावशी आणि वहिनी. मला का नाही कळवलं, विचारलं. म्हणाली, दादा, पुन्हा सतरा उत्तरं द्यायची ताकद नव्हती.

१८ मार्च
बायकोला विचारलं, त्या पत्राचं सगळ्यांना माहीत होतं? म्हणाली, अठरा वर्षं. मग मला एकानेही का सांगितलं नाही? म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, लेखी द्या.

दुपारी धाकटीला पत्र लिहायला बसलो. 'विषय:' लिहिलं. खोडलं. नुसतं तिचं नाव लिहिलं. तासभर झाला, पुढे काय लिहितात ते आठवत नाही.