बंधाऱ्याचे दगड

रविवार, डिसेंबरची संध्याकाळ

खट्ट, खट्ट... वहाळाच्या वाहत्या पाण्यात दगडावर दगड बसल्याचा तो जुना आवाज आज कानातून जाईना. तेव्हा बंधारा घालायला घरटी एक पुरुष यायचा. शाळेतल्या कविता म्हणत आम्ही दगड हातोहात पुढे द्यायचो. त्या अडवलेल्या पाण्यावरच सहकारी सोसायटीचा सामायिक भाजीमळा उन्हाळाभर गाव पोसायचा.

उद्या बंधारा घातला नाही, तर मळा वाळणार. पण येणार कोण? शेजारचा सदू तर हसलाच.

"नाना, घरोघर बोअर झाली. दगड उचलायला पोरं मुंबईहून मागवू काय?"

खरंच, गावात पुरुष उरलेत किती? मी एकटा तरी... खट्ट, खट्ट. नको तो आवाज.

एवढं लिहिलं आणि कडी वाजली. दारात सदूची सून, हातात घमेलं.

"मामांनी नको म्हटलंय, नाना. पण आम्ही बायका येतोय. किती वाजता निघायचं?"