नदीपासून लांबचा ठिपका

१२ ऑगस्ट
दुकानातून, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. खरं तर साष्टांगच घालायला हवा, पण गुडघा वाकत नाही, तेव्हा कागदावर वाकलो असं समज. भावोजींचा खोकला कसा आहे? औषध कुंडीत ओतायचं थांबवलं का त्यांनी? ते रोप वाळलं तर माझ्याच नावानं बिल फाडतील, मी ओळखून आहे त्यांना.

फोन केला असता. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवायचं. मागच्या वेळी मी पायरीवरून घसरलो म्हणून ओरडून सांगितलं, तर तू म्हणालीस, "अरे वा, पेढे कुठायत?" शिवाय या वेळची गोष्ट गल्लीला ऐकवण्यासारखी नाही.

इकडे सगळं ठीक. छत गळतंय, पण ठीक. दुकान चालतंय. लाकडावर नाव कोरून घेणारे आता थोडेच. बहुतेकांना मशीनवर कापलेली चकचकीत पाटी हवी असते. तरी अजून कुणीतरी येतं, म्हणतं, "आमच्या दारावर तुमच्या वडिलांनी केलेली पाटी आहे, तशीच करा." मग बरं वाटतं. मी कोरतो, बबी रंग भरते. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. हिची, बबीच्या आईची, पाठ बरी आहे.

बबीचं लग्न ठरतंय.

हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, मला कळतंय. आता तू चष्मा पुसून पुन्हा वाचशील आणि म्हणशील, या गाढवाला यांच्या खोकल्यानंतर मुलीचं लग्न आठवलं. आठवलं नाही गं, आठवड्याभरापासून दुसरं काही आठवतच नाहीये.

मुलगा चांगला आहे. नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी, बोलायला साधा, जेवताना मोबाईल बघत नाही. आम्ही त्याला 'नकाशेवाला'च म्हणतो. तो आमच्याकडे कसा आला ते सांगतो, म्हणजे माझी झोप कशी उडाली ते तुझ्या लक्षात येईल.

तो आला तो दुकानावरची पाटी वाचून. बाहेर उभा राहिला, आत आला आणि म्हणाला, "हे तुमचंच आडनाव?" मी म्हटलं, नाही, भाड्यानं आणलंय. मग त्यानं स्वतःचं सांगितलं. ताई, तेच! तुला माहीत आहे, मी आयुष्यभर लोकांची आडनावं कोरली. लांबलचक कोरली, उच्चारता न येणारी कोरली, पण आपलं आडनाव आपल्या दुकानाखेरीज कधी कुणासाठी कोरलं नाही. मी किती मिरवलंय ते तूही ऐकलंयस. जगात एकच घर, म्हणायचो. आणि समोर हा उभा, ओळखपत्र दाखवतोय.

त्याला म्हणे छंदच आहे. सुट्टी मिळाली की या आडनावाची माणसं शोधत फिरतो. मोठा नकाशा केलाय, आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला तर मीठसुद्धा ठेवायला जागा उरली नाही. वरच्या डोंगरात नदीला एक वळण आहे, तिथे खडक आहेत. पूर्वी बोटींना खडक दिसावेत म्हणून अंधार पडला की त्या वळणावर दिवा लावायचे. ते काम ज्या घराकडे होतं, त्या घराचं हे आडनाव. मग पोरं-नातवंडं वाढली, बोटींबरोबर खाली सरकली. ठिपके बघ, म्हणाला. एकेक घर म्हणजे एकेक ठिपका. सगळे नदीकाठानं, ओळीनं, पार खालच्या बंदरापर्यंत. कोण कुणाचा मुलगा, सगळ्या रेघा जोडलेल्या.

आणि एकच ठिपका नदीपासून लांब, डोंगराच्या या अंगाला, एकटा. त्याला एकही रेघ नाही. तो आपण.

"तुमचं कसं जोडायचं तेच कळत नाही," असं तो हसत हसत म्हणाला. बबीही हसली. तेवढ्यात चहा आला. आडनाव शोधत आला आणि मुलगी शोधून बसला, असं ही सगळ्यांना सांगत सुटलीये. मीही हसतो. हसून हसून गाल दुखतात.

तो बंदराचा आहे. तिथेच जन्मला, त्याचे वडीलही तिथेच. आणि ताई, बंदर म्हटल्यावर मला एकच आठवतं. मी दुडूदुडू चालत होतो तेव्हा बाबा दोन वर्षं घरी नव्हते. आईला विचारलं की म्हणायची, "बंदरावर कामाला गेलेत." आणखी विचारलं की म्हणायची, "जेव आणि गप्प बस." मी जेवलो आणि गप्प बसलो, तो आजतागायत. पण त्याच्या वडिलांचं वय मी आडून आडून काढून घेतलंय. त्यांचा जन्म त्याच दोन वर्षांतला.

मी स्वतःला म्हटलं, उगाच कशाला नको ते खुसपट काढतोस? बंदर मोठं असतं. पण मागच्या रविवारी त्यानं बबीला एक लाकडी पेटी आणून दिली, ब्रश ठेवायला. घरातली जुनी म्हणाला, कुणी केली माहीत नाही. मी हातात घेतली, सवयीनं उलटी केली. खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन खाचा. एक सरळ, एक तिरकी.

बाबांची खूण, ताई. त्यांच्या प्रत्येक पाटीमागे असायची, आणि माझ्याही प्रत्येक पाटीमागे असते. दुसऱ्या कुठल्या कारागिराची मी कधी पाहिली नाही. बाबांनी ती पेटी त्या घरात बसून केली. तिथून माझ्या जिवात जीव नाही. आता तो कानावर पेन्सिल अडकवतो तर मला बाबा दिसतात, जिना चढताना गुणगुणतो तरी बाबाच दिसतात. परवा शिंकला तर मी दचकून उठलो.

लिहूनच टाकतो, नाहीतर हे पत्रही फाडेन, आधीची फाडली तशी. बाबांचं तिथे दुसरं घर होतं का? नकाशेवाल्याचे वडील आपले भाऊ आहेत का? तसं असेल तर तो पोरगा बबीचा चुलतभाऊ लागतो, आणि ही दोघं लग्नाची तारीख ठरवतायत. पुढच्या रविवारी त्याचे आईवडील इथे येतायत. मी दारात उभं राहून काय म्हणू? या व्याही, की ये भाऊ?

हिला काही बोललो नाही. मी आपलं काहीबाही काढतो. इतकी घाई कशाला, नोकरी पक्की आहे का, एकाच आडनावाची दोघं पाटीवर कशी दिसतील. काल बबी म्हणाली, "बाबा, तुम्हाला तो आवडत नाही, एवढं सरळ सांगा ना." आणि रंगाची बाटली ठेवून निघून गेली. रात्री जेवलीही नाही. आवडतो गं मला तो. तेच तर दुखणं आहे.

बाबा शेवटी तुझ्याकडे होते. ते काही बोलले असतील तर तुझ्याशीच. वाईट असेल तरी लिही. गुळमुळीत लिहू नकोस, मला समजूत नकोय. फक्त रविवारच्या आत लिही.

तुझा,
धाकटा


१६ ऑगस्ट

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पत्र काल मिळालं. आधी हे वाच आणि मग खुर्चीला नीट टेक: नाही. त्या घरात बाबांचं मूल नाही. मुलगी सुखानं दे.

आता तुला रागावते. बाप मेल्यावर त्याला दुसरं घर मांडून दिलंस! कानावर पेन्सिल काय प्रत्येक सुतार ठेवतो, शिंक तर कुत्र्यालाही येते. मेल्या, आधीच विचारायचं होतंस. पण दोष माझाही आहे, मलाही सांगायला हवं होतं. बाबांनी अडवलं होतं. म्हणाले, "तो म्हातारा झाल्यावर सांग, आत्ता सोसणार नाही." तुझा गुडघा वाकत नाही म्हणतोस, तेव्हा तू म्हातारा झालास असं धरते.

ते आडनाव आपलं नाही.

पुन्हा वाचू नकोस, तेच लिहिलंय. नदीला मोठा पूर आला त्या वर्षी वाचलेली माणसं बोटीतून बंदरावर उतरवली. त्यांत बाबा होते, लहान, कुणाचं बोट न धरलेले. स्वतःचं हाकेचं नाव तेवढं सांगता येत होतं. न्यायला कुणी आलं नाही. बोटी दुरुस्त करणारा एक सुतार होता, त्यानं घरी नेलं, स्वतःच्या मुलाच्या पानाशेजारी पान मांडलं आणि हातात पटाशी दिली. शाळेत घालताना मास्तरांनी आडनाव विचारलं. सुतार म्हणाला, "माझंच लिहा, त्यात काय झिजतंय?" तो सुतार म्हणजे तुझ्या नकाशेवाल्याचा पणजोबा. त्या दोन खाचा त्याच्या. बाबा त्याच्याकडून शिकले, तू बाबांकडून.

ती दोन वर्षं म्हणशील, तर म्हातारा अंथरुणाला खिळला होता. मुलाच्या घरात तान्हं बाळ, सून दमून गेलेली. निरोप आला तसे बाबा गेले आणि शेवटपर्यंत त्याचं सगळं केलं, अंघोळीपासून. ते तान्हं बाळ म्हणजे तुझा व्याही. बाबांनी त्याला पाळण्यात झोके दिले असतील, एवढाच काय तो संबंध. आईला सगळं ठाऊक होतं. तिलाच त्यांची पिशवी भरून देताना मी पाहिलंय. रडली, पण म्हणाली, "जायलाच हवं."

एक आणखी. जगात एकच घर, असं बाबा कधीच म्हणाले नाहीत. ते तू म्हणायचास आणि ते मान खाली घालून कोरत राहायचे. मी लग्न झाल्यावर आडनाव बदललं तेव्हा तू मला काय बोलला होतास आठवतंय? "तू सोडलंस, आता मीच सांभाळतो." मला इतकं हसू आलं होतं, आणि तुझी इतकी दयाही आली होती. तेव्हाच सांगणार होते. बाबांनी माझा हात दाबला.

खरं कोणतं होतं, ते मीही विचारलं होतं त्यांना. म्हणाले, "पाण्याबरोबर गेलं." मग कूस बदलली.

पोरीला जेवायला घाल.

तुझी,
ताई


२५ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र मी दुकानाच्या मागे उभं राहून वाचलं. पहिली ओळ वाचून इतका सुटलो की आनंदानं पुढचं वाचायचंच राहिलं. घरात जाऊन बबीला म्हटलं, तारीख काढा, मला तो पोरगा फार आवडतो. ती बघतच राहिली. हिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

उरलेलं नंतर वाचलं, बाहेर पाटीखाली बसून. ताई, खोटं कशाला बोलू, लग्नाची काळजी मिटली आणि दुसरीच पोटात शिरली. वर बघवेना. लोक जाता-येता वाचतायत आणि मी चोरीचा शर्ट घालून बसल्यासारखा. पावतीवर सही करायची वेळ आली तर हात अडला. गिऱ्हाईक म्हणालं, "पेन चालत नाही का?"

रविवारी ते आले. नकाशेवाल्यानं हौसेनं पुन्हा नकाशा पसरला, वडिलांना दाखवायला. "हा यांचा ठिपका, याचं काही जुळत नाही." मी म्हटलं, जुळणार नाही. आणि सांगून टाकलं. पूर, बोट, पान, पटाशी, सगळं. वाटलं, आता म्हणतील, कोणाचा कोण, याच्याशी सोयरीक कशी करायची?

व्याही उठले. मला वाटलं निघालेच. ते टेबलाला वळसा घालून आले आणि माझा हात धरला. म्हणाले, "आमच्या घरात तुमच्या वडिलांना काका म्हणायचे. म्हाताऱ्याचं सगळं काकांनी केलं, असं माझी आई सांगायची. पुढे पत्ताच हरवला. कुठे होता तुम्ही इतकी वर्षं?" दुकानात होतो, म्हटलं. आणि रडलो, ताई. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. ही चहा गाळायचं सोडून बघत उभी.

बबी म्हणाली, "म्हणजे बाबा, मी आता लग्न करून या आडनावाची होणार?" पोरगी कुणावर गेलीये कळत नाही. तुझ्यावरच.

काल पोरांच्या नव्या घराची पाटी पुरी केली. आपलं आडनाव पहिल्यांदाच दुसऱ्या दारासाठी कोरलं. आपलं म्हटलं बघ, जाऊ दे. बबीनं रंग भरला. पाठीमागच्या कोपऱ्याशी आलो आणि पटाशी थांबली. खूण त्यांच्या घराची, मी कोण करणारा? नकाशेवाला तिथेच उभा होता, त्याला विचारलं, "करू का रे?"

तो म्हणाला, "अहो, तुम्ही नाही तर कोण करणार? आमच्या घरात कुणाला खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही."

केली. एक सरळ, एक तिरकी. तिरकी जरा जास्तच तिरकी झाली. बाबांनी बघितलं असतं तर मान खाली घालून हसले असते.

लग्नाला भावोजींना औषधासकट घेऊन ये. आणि एक विचारायचं होतं. आपण दोघं तरी सख्खे ना? नको, राहू दे. नसलो तरी या खेपेला सांगू नकोस. माझा दुसरा गुडघा अजून वाकतो.

तुझाच, कसाही असलो तरी,
धाकटा