चंद्रकलाची पात

१४ जुलै, सोमवार

मी सांगते, लिहिणारी तूच अन् वाचणारी तूच मनाली; आधी तारीख टाक. कॉलेजात जाते, अन् आज वार कोणता ते मले विचारते!

उद्यापासून भय्याजीच्या चार एकरांत धानाचा रोवणा, लावणीचं काम. यंदा टोळीची मुखिया मी. दरवर्षी चंद्रकला असायची — माझी मोठी सून, तुझी माय. वैशाखात तापानं गेली. भय्याजी म्हणते, शुक्रवारपर्यंत झालं नाही तर यंत्र आणतो. एकदा यंत्र आलं की बाया कायमच्या घरी! अकराजणी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. म्हटलं, त्या यंत्राले गाणं येते का? हसल्या. जमलं.

१५ जुलै

गुडघे चिखलात उतरत नाहीत, जीभ उतरते. धुऱ्याच्या बांधावरून बेबीबाईले विचारलं, पऱ्ह्याची रोपं रोवून राहिली की निजवून राहिली? सरसर पुढे निघाली.

घरी कढई पालथीच. दुःखाच्या घरात तळण नाही, वैशाखापासून. तिकडे पाहत नाही मी.

१६ जुलै

प्रत्येक बांधीत, खाचराच्या कडेले एक पट्टी कोरी! हातभर रुंद, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. भय्याजी ओरडला.

कडेची पात चंद्रकलाची. सवयीनं सगळ्यांनी तिची सोडून आपापली धरली. अन् हाका देणारी मी — मलेही दिसलं नाही.

मी रडली असती तर अकराही रडल्या असत्या, अन् शुक्रवार गेला असता. लुगडं खोचलं. "भय्याजी, ती पात माझ्यासाठी राखली आहे. म्हातारीले मान नको?"

उतरली. अर्धी पात रोवली. बाहेर काढायले दोघी लागल्या.

१७ जुलै

गुडघा भोपळ्याएवढा. एक एकर बाकी, कोऱ्या पाती वेगळ्या. बायांले म्हटलं, उद्या होते. मनाली, लिहिताना रडू नको. मले वाचता येत नाही, पण भिजलेला कागद समजते.

१८ जुलै, शुक्रवार

आज धाकटी सून उषा लिहून राहिली. शिदोरी घेऊन आली, तिलेच धुऱ्यावर बसवलं.

मनाली चिखलात आहे. सकाळी मायचं लुगडं खोचून आली, कडेची पात धरली, म्हणाली, "आजी, हाक दे."

सांजेपर्यंत झालं सगळं! भय्याजीले रीतीप्रमाणे चिखल फासला, पुढच्या सालाचा शब्द घेतला.

उषा, लिहिणं पुरे. घरी जा, कढई सुलटी कर. लाखोरी डाळीचे वडे तळून पाठव — बाराजणींचे.