दोघांसाठी एक विराम

प्रिय धाकट्या,

पियानोची ती छोटी रचना तुम्हा नवराबायकोसाठी तिसऱ्यांदा लिहितोय. मूळ धून पियानोच्या उजव्या हाताची. ती तुझ्या चेलोला दिली, तर तुझी बायको फोनवर कडाडली, "दादा, मी काय नुसती साथ करत बसू? घरात तेच करते!" तिच्या पियानोला परत दिली, तर तू रुसलास. अबोला तुमचा, डोकं माझं उठतं!

आज देवापुढे बसल्यावर सुचलं. शेवटच्या ओळीआधी दोघांनाही थांबवलंय. किती वेळ, ते लिहिलेलं नाही. एकमेकांकडे पाहिल्याशिवाय पुढचा सूर एकत्र निघणारच नाही.

हे आधी कळलं तर तू मुद्दाम खाली बघशील. म्हणून पत्र ठेवून घेतो, स्वरलिपी तेवढी पाठवतो.

तुम्हा दोघांना वैतागलेला,
दादा